अमेरिकेचा लढा आपल्यासारखाच होता का?

उंबरठा
लेक नववीत आहे. परवा जेवताना तिने विचारलं, "बाबा, अमेरिकावालेपण आपल्यासारखेच इंग्रजांशी लढले ना?" तोंडात घास असतानाच मी "हो" म्हणून मोकळा झालो. दोन दिवस तेच डोक्यात घोळतंय, म्हणून हा धागा.

विचार करूनही माझं उत्तर "हो"च आहे. फ्रान्सशी लढता लढता १७६३ पर्यंत इंग्लंड कर्जात बुडालं होतं. अमेरिकेत ठेवलेल्या फौजेचा खर्च आता तिथल्या तेरा वसाहतींनी उचलावा असं लंडनने ठरवलं. १७६५ च्या स्टॅम्प कायद्याने कोर्टाचे कागद, वर्तमानपत्रं, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा कर बसला, आणि तो बसवणाऱ्या संसदेत या लोकांचा एकही प्रतिनिधी नव्हता. त्यांनी विलायती माल घेणं बंद केलं. पुढच्याच वर्षी सरकारला कायदा मागे घ्यावा लागला. नंतर पुन्हा कर बसले तेव्हा बायकांनी चरखे काढून घरचं जाडंभरडं सूत कातलं. हे स्वदेशीच झालं की.

१७७३ मध्ये बॉस्टनकरांनी कराच्या रागाने चहा समुद्रात फेकला त्याची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये सरकारने अख्खं बॉस्टन बंदर बंद केलं. तेव्हा पार दक्षिणेच्या साउथ कॅरोलिनाने तांदूळ पाठवला, कनेक्टिकटहून माणसं मेंढ्या हाकत घेऊन आली. मला ४ जुलै १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याइतक्याच त्या मेंढ्या मोलाच्या वाटतात. तोवर या वसाहतींचं आपसात फारसं सख्य नव्हतं.

सह्यकडा
साफ असहमत.

मराठीत "वसाहत" हा एकच शब्द आपण दोन निराळ्या गोष्टींना लावतो आणि तिथेच घोळ होतो. भारत इंग्रजांनी बळकावला. व्हर्जिनिया, मॅसॅच्युसेट्स त्यांनी जाऊन वसवले. बंड केलं ते वसायला गेलेल्यांनी. ज्यांच्या जमिनीवर हे वसले, त्यांना कोणी विचारलं?

१७६३ मध्ये राजाने ॲपलाचियन डोंगरांपलीकडे वस्ती करायला बंदी घातली. मूळ रहिवाशांबद्दल त्याला पुळका होता असं नाही, नवी युद्धं परवडत नव्हती. पण ती बंदी वसाहतवाल्यांना सलत होती, आणि पुढे बंडखोरांचे सेनापती झालेले खुद्द वॉशिंग्टन पलीकडच्या जमिनींवर नजर ठेवून होते. १७७९ मध्ये त्यांच्याच हुकमाने जनरल सुलिव्हन इरोक्वॉय या मूळ रहिवाशांच्या मुलखात शिरला. चाळीसेक गावं जाळली, उभा मका कापला, फळबागा तोडल्या. त्या वर्षी हिवाळा भयंकर पडला आणि ती हजारो माणसं नायगराच्या इंग्रजी किल्ल्यापाशी अन्नासाठी जाऊन बसली. लेकीला "आपल्यासारखे" कोण ते दाखवायचं असेल तर ही माणसं दाखवा.

दूरदेशी
मी अकरा वर्षं न्यू जर्सीत आहे. वॉशिंग्टनच्या सैन्याने १७७७-७८ चा हिवाळा जिथे काढला ते व्हॅली फोर्ज आमच्यापासून गाडीने दीड तासावर. तिथे तशाच झोपड्या पुन्हा बांधून ठेवल्यात. चौदा फूट बाय सोळा फूट, ओंडक्यांच्या भिंती, फटी लिंपलेल्या, आत एकावर एक तीन फळ्या झोपायला. एका झोपडीत बारा माणसं. माझा मुलगा फळ्या मोजत होता आणि त्याचा विश्वास बसत नव्हता. त्या एका मुक्कामात सुमारे दोन हजार माणसं गेली, तीही तापाने आणि हगवणीने. लढाई तिथे झालीच नाही.

सह्यकडा, तुमचा जमिनीचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्या फळ्यांवर झोपलेल्यांत कितीतरी जण बिनजमिनीचे होते, आयर्लंडहून आलेले होते, काळेही होते. त्यांचं "स्वातंत्र्य" जमीनदारांच्या हिशेबात मोडत नाही. आणि जाहीरनाम्यातले शब्द एकदा बाहेर पडले की ते लिहिणाऱ्यांच्या हातात राहत नाहीत. १७७७ च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्समधल्या काळ्या माणसांनी तिथल्या विधिमंडळाला अर्ज केला की तुम्ही ज्या हक्कासाठी लढताय तोच आम्हाला द्या. १७८३ पर्यंत तिथल्या कोर्टाने गुलामगिरी राज्यघटनेत बसत नाही असं म्हटलंसुद्धा.

जुनीवही
लढा कोणाचा यावर वाद घाला, पण तो जिंकला कोणी? १९ ऑक्टोबर १७८१ ला व्हर्जिनियातल्या यॉर्कटाउनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. तो तिथून बोटीने निसटला असता, पण ५ सप्टेंबरला चेसापीक उपसागराच्या तोंडाशी द ग्रासच्या फ्रेंच आरमाराने इंग्रजी आरमाराला परत पाठवलं होतं. वेढ्यात रोशांबोची फ्रेंच फौज वॉशिंग्टनच्या खांद्याला खांदा लावून होती. सुरुवातीच्या वर्षांतली बहुतेक बंदुकीची दारूही बाहेरूनच आलेली. फ्रेंच नसते तर हा "आदर्श लढा" जहागिरी बुडालेल्यांचं एक फसलेलं बंड म्हणून नोंदला गेला असता.

आणखी एक, जे मराठी माणसाने विसरू नये. तेव्हा इंग्रज सगळीकडे गुंतले होते. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध याच काळातलं, १७७५ ते १७८२. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मुंबईकर इंग्रजांनी नाक घासून तह केला. नाना फडणीसांच्या दरबारी १७७७ मध्ये सेंट लुबिन नावाचा फ्रेंच वकील येऊन राहिला होता. मराठ्यांमुळे अमेरिका सुटली असं मी म्हणत नाही, तो बडेजाव नको. पण इंग्रजांना एकाच वेळी चार ठिकाणी लढावं लागत होतं, ही गोष्ट निकालात मोजलीच पाहिजे.

उंबरठा
जुनीवही, फ्रेंच आले ते का आले? ऑक्टोबर १७७७ मध्ये सॅराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइनची अख्खी फौज या शेतकरी-कारागिरांपुढे शरण आली म्हणून. फ्रान्सने तहावर सही केली ती त्यानंतर, फेब्रुवारी १७७८ मध्ये. हरणाऱ्या घोड्यावर फ्रेंचांनी पैसा लावला नसता.

दक्षिणेतला अमेरिकी सेनापती नथॅनिएल ग्रीन तर वाचाच. एकही मोठी लढाई त्याने धड जिंकली नाही. पण लढायचं, मागे सरायचं, इंग्रजांना नद्या ओलांडत आपल्या मागे फरफटत न्यायचं. मार्च १७८१ मध्ये गिल्फर्ड कोर्टहाउसला कॉर्नवॉलिस जिंकला आणि त्या एका दुपारी त्याची चौथाई फौज कामी आली किंवा जखमी झाली. त्यानंतरच तो यॉर्कटाउनच्या रस्त्याला लागला. गनिमी कावा अंगात भिनलेल्या आपल्या लोकांना हे वेगळं समजवायला लागू नये.

मीठभाकर
चहावर कोणी नीट बोललंच नाही. १६ डिसेंबर १७७३ ला बॉस्टनच्या पाण्यात गेल्या त्या ३४२ पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या. चहा चीनचा, पण कंपनी तीच, जी तेव्हा बंगाल लुटत होती. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये माणसं पटापट मरत होती तरी महसूल वसूल होत राहिला. तरीही कंपनीचं दिवाळं निघायची वेळ आली, म्हणून तिला वाचवायला संसदेने १७७३ चा चहा कायदा केला. कंपनीने थेट अमेरिकेत माल विकावा, पौंडामागे तीन पेन्स कर तेवढा राहावा.

अमेरिकेत हे लोकांना ठाऊक होतं. जॉन डिकिन्सनने त्याच वर्षी पत्रक काढून बजावलं की ज्या कंपनीने आशियात लाखोंना उपाशी मारलं ती आता आपल्याकडे वळली आहे. म्हणजे बंगालच्या शेतकऱ्याचं मरण बॉस्टनच्या गोदीपर्यंत पोचलं होतं. मला हा धागा "आपल्यासारखे" या शब्दापेक्षा कितीतरी जवळचा वाटतो.

पुढचं मात्र जड जातं. यॉर्कटाउनला हरलेला कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल म्हणून आपल्याकडे आला. १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणला त्याने टिपूला नमवलं तेव्हा त्याच्या बाजूला हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजा होत्या. तिकडे तेरा वसाहती एकीने उभ्या राहिल्या, इकडे आपण त्याच माणसाला हात दिला.

जुनीवही
मीठभाकर, टिपूशी आपलं जुनं वैर होतं, ते एका ओळीत निकालात काढू नका. पण शेवटचं वाक्य वाचून गप्प बसलो, हे खरं.

सह्यकडा
दूरदेशीताई, मॅसॅच्युसेट्सचं मान्य. व्हर्जिनियाचंही ऐका. नोव्हेंबर १७७५ मध्ये तिथल्या इंग्रज गव्हर्नर डनमोरने जाहीर केलं, बंडखोरांचे जे गुलाम आमच्या बाजूने शस्त्र धरतील ते मोकळे. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्ननवरून पळालेल्यांत हॅरी नावाचा एकजण होता. मे १७८३ मध्ये, युद्ध जिंकल्यावर, वॉशिंग्टन इंग्रज सेनापती कार्लटनला भेटले आणि पळालेले गुलाम परत मागितले. कार्लटन म्हणाला, ज्यांना शब्द दिला त्यांना परत देणार नाही. न्यूयॉर्कहून सुमारे तीन हजार काळी माणसं जहाजांवर चढली, प्रत्येकाचं नाव वहीत लिहून. त्यात हॅरी वॉशिंग्टन आहे.

हॅरी आधी कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाला गेला, मग १७९२ मध्ये आफ्रिकेतल्या सिएरा लिओनला. तिथली इंग्रज कंपनी जमिनीवर सारा मागू लागली, तेव्हा १८०० मध्ये तिच्याविरुद्ध बंड करणाऱ्यांत तो होता. त्याला हद्दपार केलं. प्रतिनिधित्व नाही तर कर नाही, हे त्याने त्याच्या मालकापेक्षा जास्त किंमत देऊन पाळलं.

उंबरठा
हॅरीचं मला अजिबात माहीत नव्हतं. लेक क्लासवरून आली की आधी तेच सांगतो, आणि त्या मेंढ्यांचंही.

फ्रेंचांबद्दल माझं मत बदललेलं नाही. ग्रीनवर अजून कोणी उत्तर दिलेलं नाही, वाट बघतोय.