‘शमुवेल’चा नेमका अर्थ काय?

प्रश्न: बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकात (१:२०) शमुवेलची आई हन्ना म्हणते, मी याला परमेश्वराकडून मागून घेतले. नावांच्या याद्यांत मात्र ‘देवाने ऐकले’ असं असतं. बरोबर कोणतं?

उत्तर १: हिब्रू अक्षरं मोजा. शमुवेल : शीन, मेम, वाव, आलेफ, लामेद. ‘ऐकणे’ हा धातू शीन-मेम-आयिन. इथे आयिनच नाही, म्हणून ‘ऐकले’ बसत नाही. इश्माएलमध्ये आयिन आहे, तिथे ‘देव ऐकतो’ चोख. ‘मागणे’ म्हणजे शीन-आलेफ-लामेद. त्यातून थेट शौल (राजा शौलचं) हे नाव होतं. १:२८ मध्ये तर मूळ हिब्रूत ‘हू शाऊल’ असेच शब्द आहेत! म्हणजे हन्नाचं वाक्य ही व्युत्पत्ती नव्हे, नादावरची कोटी. शेम म्हणजे नाव, एल म्हणजे देव. ‘त्याचे नाव एल’ किंवा ‘देवाचे नाव’ हेच जास्त पटतं.

उत्तर २: रोमन स्पेलिंगवरून अर्थ लावू नका, आलेफ-आयिनचा फरक त्यात पुसला जातो. देवनागरीतही तेच. आधी शेवटचा ‘एल’ किंवा ‘या’ (हिब्रू बायबलमधल्या ‘याहवे’ या देवाच्या नावाचं लघुरूप) सुटा करा, मग उरलेला धातू हिब्रू कोशात बघा. नथनेल आणि नथन्या दोन्हींत ‘नाथान’, म्हणजे दिले. देवाचं नाव तेवढं बदललं.

उत्तर ३: थोडं अवांतर. बेने इस्रायलींत (आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या ज्यूंत) शमुवेलचा समाजी झाला, यहेज्केलचा हसाजी. मुंबईत १७९६ साली सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) बांधणारे सामुएल एझिकेल दिवेकर म्हणजेच समाजी हसाजी. अशा रूपांवरून मात्र धातू शोधू नये. ‘एल’ गळून तिथे आपला ‘जी’ बसलाय.