वेगळ्या काउंटरची गरज नाही

लग्नाच्या जेवणात वृद्ध आणि मुलांसाठी वेगळा काउंटर हवा, ही सूचना चांगली असली तरी त्यासाठी निराळे पदार्थ करावे लागतातच असे नाही. सोलापुरात पुतणीच्या लग्नात आम्ही आचाऱ्यांना शेंगांच्या (म्हणजे शेंगदाण्यांच्या) आमटीत काळे तिखट घालण्यापूर्वीच एक पातेले बाजूला काढायला सांगितले होते. मुलांनी ती भाताबरोबर खाल्ली, आणि कडक भाकरी चावू न शकणाऱ्यांनी ती आमटीत चुरून, पाच मिनिटे भिजू देऊन खाल्ली. ऐंशीच्या आत्याबाईंनी तर जिलबीकडे पाहिलेही नाही. चूक झाली ती वेळेची: मुहूर्त 12.35 चा, त्यामुळे मधुमेही पाहुणे दीडपर्यंत उपाशी राहिले. त्यांची पंगत अक्षतांपूर्वीच उठवायला हवी होती.