बायका स्ट्रॅटेजी गेम कमी खेळतात, ते आवड नसते म्हणून की शिकवणारं कुणी नसतं म्हणून?

विश्रामबागकर
कॉलेजच्या आधीपासून एज ऑफ एम्पायर्स, सिव्हिलायझेशन, टोटल वॉर हे सगळे कॉम्प्युटरवरचे डावपेचाचे गेम खेळत आलेय आणि सांगलीत मला माझ्यासारखी दुसरी बाई अजून भेटलेली नाही, म्हणून हा धागा काढतेय. लुडो खेळणाऱ्या, कँडी क्रशवाल्या, शेतीचे गेम खेळणाऱ्या ढिगानं आहेत, आमच्या बिल्डिंगमध्ये सासवासुद्धा खेळतात. पण सैन्य उभं करा, नकाशा बघा, दहा चाली पुढचा विचार करा असला गेम आला की बाई गायब. आणि हे फक्त आपल्याकडचं नाही. क्वांटिक फाउंड्री नावाच्या कंपनीनं 2017 ला अडीच लाखांवर गेमर्सच्या उत्तरांवरून आकडे काढलेले, त्यात शेतीच्या आणि कँडी क्रश टाइपच्या गेममध्ये बायका 69 टक्के, शहर वसवायच्या गेममध्ये 22, आळीपाळीनं चाल करायच्या टर्न बेस्ड स्ट्रॅटेजीत 11 आणि ग्रँड स्ट्रॅटेजीत, म्हणजे अख्खं राज्य वर्षानुवर्षं चालवायच्या गेममध्ये, फक्त 7.

यावर लोक पटकन बोलून मोकळे होतात की बायकांना डावपेचात रसच नसतो. मला हे अजिबात पटत नाही. माझं म्हणणं असंय की हे गेम कुणी एकट्यानं शिकत नाही, शेजारी बसून शिकतात. एज ऑफ एम्पायर्स टू घ्या. सुरुवातीला तीन व्हिलेजर म्हणजे काम करणारी माणसं, एक स्काउट म्हणजे टेहळणीचा घोडेस्वार, 200 फूड. एच दाबा मग सी दाबा, व्हिलेजर काढत रहा, टाऊन सेंटर म्हणजे आपली मुख्य इमारत, ती एक सेकंद रिकामी ठेवायची नाही, मेंढ्या संपायच्या आत रानडुकराला एक बाण मारून त्याला पळवत टाऊन सेंटरपाशी आणायचं आणि तिथं सगळ्यांनी मिळून मारायचं. हे जुन्या गेममध्ये कुठंच लिहिलेलं नव्हतं हो. मागं उभा राहून कुणीतरी सांगायचं "अगं थांब, डुक्कर अंगावर आलंय, व्हिलेजरला आत घाल". मला सांगणारा मामेभाऊ होता आणि मामाच्या घरी कॉम्प्युटर होता म्हणून मी शिकले. माझ्या वर्गातली पोरं स्टेशन रोडच्या कॅफेत शिकली, तासाला पैसे देऊन, आठ जण एकमेकांच्या खुर्चीला खुर्ची लावून. त्या कॅफेत एकटी मुलगी आत जाऊन बसलीय असं चित्र 2005 च्या सांगलीत कुणी बघितलंय का, खरं सांगा.

शाहूपुरी_सातारा
ताई तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही मी, पण कारण चुकतंय असं वाटतं. तुम्हीच दिलेला 7 टक्क्याचा आकडा आपल्या सांगली साताऱ्याचा नाही, त्यात बहुतेक बाहेरच्या देशातले लोक आहेत. तिकडं मुलींना स्वतःची खोली असते, स्वतःचा पीसी असतो, कुणी कॅफेत जायला अडवत नाही, तरी 7च. मग आपल्या स्टेशन रोडच्या कॅफेला कशाला दोष द्यायचा? आणि त्याच यादीत हाय फँटसी एमएमओमध्ये, म्हणजे खूप लोक एकाच वेळी ऑनलाइन खेळतात त्या जादूच्या दुनियेतल्या गेममध्ये, बायका 36 टक्के आहेत. ते गेम सोपे नाहीत, त्यात तर रात्र रात्र जाते, अनोळखी लोकांबरोबर खेळावं लागतं. म्हणजे अवघड आहे, वेळ नाही, शिकवायला कुणी नाही, यातलं काहीच आड आलं नाही कारण तिथं आवड होती. स्ट्रॅटेजीत आवड नाही. आवड नसणं म्हणजे कमीपणा नव्हे, मला स्वतःला क्रिकेट बघायला आवडत नाही त्यावर कुणी धागा काढत नाही.

कोयनाकाठची
मी कराडची, क्रुसेडर किंग्ज थ्री भरपूर खेळते. म्हणजे तुम्हाला दुसरी बाई भेटली बघा.

मला वाटतं बाकीच्या स्ट्रॅटेजी गेममध्ये माणसंच नसतात हा मुद्दा आहे. वरून नकाशा बघायचा, रंग पसरवायचे, दहा हजार मेले तरी एक आकडा कमी होतो बस. क्रुसेडर किंग्जमध्ये तुमचा राजा म्हातारा होतो, पोरगा नालायक निघतो, बायको भावाशी संधान बांधून विष घालते, आणि तरी ती पक्की स्ट्रॅटेजीच आहे, वारसाहक्काचे कायदे समजले नाहीत तर राज्याचे चार तुकडे होतात. बाईला राणी म्हणून राज्य करता येतं हे पण मोठं आहे. टोटल वॉर रोम टूमध्ये 2018 ला बायका सेनापती दिसायला लागल्या तर स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर निगेटिव्ह रिव्ह्यूंचा सडा पडला होता. असं वातावरण बघितल्यावर नवीन मुलगी तिथं कशाला पाय ठेवेल? आणि हे आपण साताऱ्याच्या लोकांशी बोलतोय, जिथं माहुलीला ताराराणींची समाधी आहे. 1700 ला राजाराम महाराज गेल्यावर सात वर्षं औरंगजेबाशी कोण लढलं?

शाहूपुरी_सातारा
ताराराणींबद्दल दुमत नाही, माहुलीला आम्ही नेहमी जातो. पण एका महाराणीनं राज्य राखलं यावरून आजच्या मुली कुठला गेम उघडतील हे कसं ठरणार? मी क्षमतेबद्दल बोलतच नाहीये. क्षमता आहेच. आवडीबद्दल बोलतोय.

तासगाव_द्राक्ष
काय फरक पडतो पण? ज्याला जे आवडेल ते खेळू द्या. यात चर्चा करण्यासारखं काय आहे मला कळत नाही.

विश्रामबागकर
@तासगाव_द्राक्ष फरक पडतो. 2023 ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये डोटा आणि लीग ऑफ लेजेंड्स या ऑनलाइन गेमना पदकं दिली गेली, म्हणजे हा आता नुसता टाइमपास राहिला नाही. गेम बनवणाऱ्या कंपन्यांत जे घुसतात ते लहानपणी तेच गेम खेळलेले असतात. एका अख्ख्या दालनाचं दार अर्ध्या लोकांना बंद असेल तर ते का बंद आहे हे विचारायलाच पाहिजे.

@शाहूपुरी बाहेरच्या देशात मुलीला पीसी मिळतो म्हणालात ना, तर तिकडंही तो आधी मुलाच्या खोलीत गेला. अमेरिकेत 1984 च्या आसपास कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीधरांमध्ये मुली 37 टक्के होत्या. नंतर वाढायच्या ऐवजी घसरत घसरत 18 वर आल्या. त्याच काळात घरगुती कॉम्प्युटर आणि गेम पोरांची खेळणी म्हणून विकले जात होते. आवड जर जन्मजातच असेल तर ती वीस पंचवीस वर्षांत अर्ध्यावर कशी येते?

मिरजकर_काका
मी गेम खेळत नाही पण बुद्धिबळाच्या स्पर्धांना चाळीस वर्षं जातोय, आधी खेळाडू म्हणून, आता नातवंडांना घेऊन, म्हणून दोन शब्द. सांगलीला बुद्धिबळाचं गाव म्हणतात ते उगाच नाही, भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळ उभं केलं आणि इथं मुलींच्याही स्पर्धा होत आल्यात. लहान गटाच्या हॉलमध्ये जाऊन बघा, मुली भरपूर दिसतात, आणि काय खेळतात! समोरच्या पोराला वजीर गमावायला लावून शांत बसलेल्या असतात. चौदा पंधराच्या गटात जा, ओळच्या ओळ कमी झालेली असते. दहावीचा क्लास, परगावी मुलीबरोबर जायला माणूस नाही, रात्री स्पर्धा उशिरा सुटते. पोरगा असला तर बाप म्हणतो जा एसटीनं. मुलीच्या वेळी आईबापांपैकी एकाला रजा काढावी लागते, आणि सगळ्यांना ती परवडत नाही. आवड कुठं गेली मग, तीन वर्षांत आटली?

1976 ला रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळल्या तेव्हा आरडाओरडा झाला, प्रकरण फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेपर्यंत गेलं, तेव्हा अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितलं की मुलगी म्हणून कुणाला अडवता येणार नाही. तेरा वर्षांची पोर होती ती. आणि आता 2025 ला आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं जॉर्जियातल्या बातुमीला बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला.

शाहूपुरी_सातारा
काका, नमस्कार. दिव्याचा अभिमान मलाही आहे. पण ती भारताची 88वी ग्रँडमास्टर आणि मुलींमध्ये चौथी. 88 मध्ये 4. आणि बुद्धिबळ तर कॅफेत शिकायचा खेळ नाही, घरी बाप शिकवतो, पट दीडशे रुपयाला मिळतो, मुलींसाठी वेगळ्या स्पर्धा, वेगळी बक्षिसं, वेगळे किताब आहेत. एवढं करून 4 असतील तर कुठंतरी कल वेगळा आहे हे मानायला काय हरकत आहे?

मिरजकर_काका
हरकत आहे. तुम्ही म्हणता ती सगळी सोय मी डोळ्यांनी बघतो आणि त्यातून मुली का सुटतात तेही बघतो. माझी नात गेल्या वर्षी सुटली. तिनं आवडत नाही असं एकदाही म्हटलं नाही. पट अजून तिच्या टेबलावर मांडलेला असतो.

आकडेमोड
दोघांच्या मध्ये एक गोष्ट टाकतो. त्याच क्वांटिक फाउंड्रीनं लोक कशासाठी खेळतात हे पण विचारलं होतं. पुरुषांना दुसऱ्याला हरवण्यात रस जास्त, बायकांना गेम पूर्ण करण्यात आणि वेगळ्या जगात रमण्यात जास्त. इथपर्यंत शाहूपुरी बरोबर. पण हरवण्याच्या बाबतीतला हा फरक वयाबरोबर कमी होत जातो आणि पंचेचाळिशीच्या आसपास जवळजवळ उरतच नाही. म्हणजे बाई पुरुष यापेक्षा वय जास्त काम करतंय.

शाहूपुरी_सातारा
पण तो फरक मिटतो कारण पुरुषांची खुमखुमी उतरते, बायकांची वाढते म्हणून नाही. म्हणजे माझाच मुद्दा की.

आकडेमोड
हो, पुरुषांची रेघ खाली येते हे खरंय. पण मग हा कायमचा पिंड नाही, विशी पंचविशीतल्या पोरांचा भर आहे एवढंच सिद्ध होतं. आणि स्ट्रॅटेजी म्हणजे फक्त दुसऱ्याला हरवणं कुठंय? सिव्हिलायझेशन मी एकटाच कॉम्प्युटरविरुद्ध खेळतो, कल्चर व्हिक्टरी घेतो, म्हणजे संस्कृतीच्या जोरावर जिंकतो, एक लढाई न करता.

हॉस्टेल_बी_ब्लॉक
मी आत्ता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडं रात्री अकरा ते दोन लॅनवर, म्हणजे हॉस्टेलच्याच नेटवर्कवर, एज ऑफ एम्पायर्स चालतो, बॉईज हॉस्टेलमध्ये. आमच्या बॅचच्या दोन मुली चांगल्या खेळतात पण त्यांचं हॉस्टेल वेगळं, गेट लवकर बंद होतं, नेटवर्क पण वेगळं. मग त्या ऑनलाइन येतात, नाव असं घेतात की कुणाला कळू नये, आणि माइक कायम बंद. एकदा चुकून एकीचा माइक चालू राहिला, समोरच्या टीमला कळलं मुलगी आहे, पुढं अख्खी मॅच तिला अकरा नंबरचा टाँट, म्हणजे गेममधला तो चिडवायचा हसण्याचा आवाज, आणि चॅटमध्ये नको नको ते. आमच्याच टीममधला एक जण पण हसला. ती आता फक्त कॉम्प्युटरशी खेळते. तिला आवड नाही असं कुणी म्हटलं तर मला राग येतो.

शाहूपुरी_सातारा
हे वाईट आहे आणि असल्यांना रिपोर्ट करून बॅनच केलं पाहिजे. पण ती खेळतेच आहे ना. ज्या कधी सुरूच करत नाहीत त्यांना टाँट कुठं ऐकू येतो? आणि ताईंचा शेजारी बसून शिकायचा मुद्दा आता जुना झाला. एज ऑफ एम्पायर्स टूच्या 2019 च्या नव्या डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये आर्ट ऑफ वॉर म्हणून वेगळा विभागच आहे, डुक्कर कसं आणायचं तेसुद्धा शिकवतो, पदकं देतो. यूट्यूबवर हवं तेवढं आहे. तरी चित्र बदललं नाही.

विश्रामबागकर
दादा, यूट्यूब ते दाखवतं जे तुम्ही आधीच शोधता. आणि शोधायला हातात काय आहे ते बघा. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका 33 टक्के आणि पुरुष 57 टक्के. तो पण बहुतेक फोनवर. हे गेम मुळात पीसीचे. घरात एक पीसी किंवा एकच लॅपटॉप असला तर तो भावाच्या अभ्यासाच्या नावानं येतो, आमच्या नात्यात तरी मी हेच बघितलंय. वेळेचं सांगायचं तर 2024 च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे 289 मिनिटं त्यात जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचे 88. ऑनलाइन एज ऑफ एम्पायर्सचा एक डाव चाळीस मिनिटं, मध्ये कुकरची शिट्टी झाली म्हणून उठलात तर समोरचा तोवर कॅसल एजला, म्हणजे पुढच्या युगाला पोचलेला असतो.

कोयनाकाठची
म्हणून तर मी स्पेसबार दाबून थांबवता येणारा गेम धरला. लेकीचा डबा भरायचा, परत यायचं, राजा तिथंच असतो.

शाहूपुरी_सातारा
बघा, म्हणजे थांबवता येणारे गेम आहेत आणि ग्रँड स्ट्रॅटेजी बहुतेक थांबवता येते. तरी स्ट्रॅटेजीत सगळ्यात कमी टक्का तिथंच. वेळेचं कारण इथं बसत नाही. तुम्ही प्रत्येक वेळी नवीन कारण देताय, मी एकच देतोय आणि ते सगळीकडं लागू पडतंय.

विश्रामबागकर
सगळीकडं लागू पडणारं कारण मला म्हणूनच संशयास्पद वाटतं. "आवड नाही" म्हटलं की पुढं बघायचंच काही उरत नाही. काकांची नात, बी ब्लॉकची मैत्रीण, कॅफेत न गेलेल्या माझ्या वर्गातल्या पोरी, यांना वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं काहीतरी आडवं आलं, म्हणून कारणं वेगवेगळी असणार. तुमच्या घरी बहीण किंवा मुलगी आहे का? तिच्यासमोर कधी उघडून बसलात का, शेजारी बसून, दोन तीन रविवार?

शाहूपुरी_सातारा
मुलगी आहे, दहा वर्षांची. मुलाला शिकवलं मी, तो मागंच लागला होता. तिनं कधी विचारलं नाही. बसवीन, पण तिला नको वाटलं तर ओढणार नाही हे आत्ताच सांगतो. लॅपटॉप ऑफिसचा आहे त्यावर गेम टाकता येत नाही. फोनवर चालेल असं काही आहे का?

कोयनाकाठची
पॉलिटोपिया टाका, फुकट आहे, टर्न बेस्ड, नकाशा छोटा आणि परफेक्शन मोडमध्ये 30 टर्नला संपतो. पहिल्यांदा बार्डूर जमात घ्यायला सांगा, शिकार सुरुवातीलाच येते त्यामुळं गाव पटकन वाढतं. आणि तिचा डाव तिला हरू द्या, मधून बोट घालू नका.

हॉस्टेल_बी_ब्लॉक
ऑनलाइन नको पण सुरुवातीला. पास अँड प्ले आहे त्यात, एकाच फोनवर भावाबहिणीला आलटून पालटून खेळता येतं.