गाडीचा भाव एकूण ऑन-रोडवर नाही, कोटेशनच्या एकेका ओळीवर करायचा (आणि करायलाच हवा)

घाटावरचा:
नवी गाडी घ्यायची म्हणून सध्या पुण्यातल्या शोरूमा पालथ्या घालतोय. ज्याला सांगावं तो एकच ऐकवतो, अरे कंपनीची किंमत फिक्स असते, फार तर मॅट आणि मडफ्लॅप फुकट मागून घे. मला हे अजिबात पटत नाही म्हणून इथे मांडतो, ज्यांना पटत नसेल त्यांनी बिनधास्त विरोधात लिहा.

हातात आलेलं एक कोटेशन सांगतो, पेट्रोल गाडी आहे. एक्स-शोरूम, म्हणजे टॅक्स-विमा सोडून गाडीची किंमत, 9,40,000. रोड टॅक्स 11 टक्क्यांनी 1,03,400. हे दोन आकडे बाजूला ठेवा, टॅक्स सरकारचा आहे, त्यात कोणी काही करू शकत नाही. खरी गंमत पुढे आहे. इन्शुरन्स 51,000, लॉजिस्टिक अँड हँडलिंग 9,500, एसेन्शियल किट (अ‍ॅक्सेसरीजचा संच) 18,000, एक्सटेंडेड वॉरंटी 16,000. आणि सगळ्यात खाली मोठ्या अक्षरात, स्पेशल डिस्काउंट 25,000.

घरी येऊन तोच विमा, तीच आयडीव्ही (विम्यात धरलेली गाडीची किंमत), तेच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), ऑनलाइन काढून बघितला तर 37,000. म्हणजे 14,000 तिथेच गेले. हँडलिंगचे 9,500 कशाचे ते विचारलं तर म्हणे गाडी यार्डातून आणायची, धुवायची, पीडीआय म्हणजे डिलिव्हरीआधीची तपासणी करायची. अरे पण विकायला ठेवलेली वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात धड द्यायची हे दुकानदाराचंच काम ना! म्हणजे पंचवीस हजार दिले असं दाखवलं आणि साडेतेवीस हजार दुसऱ्या दोन ओळींतून काढून घेतले, किटचं तर अजून बोललोच नाही. माझं म्हणणं एवढंच की एकूण ऑन-रोड आकड्यावर (टॅक्स, विमा सगळं धरून) "सर अजून दहा कमी करा" असं बोलत बसलात तर कुठून कमी झाले आणि कुठे वाढले ते कळतच नाही, प्रत्येक ओळ वेगळी काढून तिथे भाव करा. यात लाज वाटण्यासारखं काहीच नाही.

मीनल_ठाणे:
मला नाही पटलं आणि जरा रागच आला वाचून. आम्ही मागच्या वर्षी गाडी घेतली, एकदा विचारलं काय होईल, त्यांनी सांगितलं, आम्ही घेतली. समोर बसलेला मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा, दिवसभर उभा, पगार किती असतो त्या पोरांना तुम्हाला माहितीये? आपण दहा-बारा लाखांची वस्तू घ्यायची आणि त्याच्याशी चार-पाच हजारांसाठी तासन्‌तास वाद घालायचा, मग तो मॅनेजरकडे जाऊन शिव्या खाऊन येणार. शिवाय पुढची पाच-सात वर्षं सर्व्हिसला त्याच डीलरकडे जायचंय. संबंध बिघडवून काय मिळवायचं? आणि घरातल्या दोघांच्या नोकऱ्या सांभाळून प्रत्येक शनिवार-रविवार शोरूममध्ये घालवायचा त्या वेळेची किंमत कुणी धरतच नाही.

माजी_शोरूम:
मी बरीच वर्षं कार विक्रीत होतो, आता दुसरीकडे आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो. मीनलताई, तुमची कळकळ खरी आहे, पण पैसा तुम्ही समजता तिथून जात नाही. कॅश डिस्काउंट सहसा त्या मुलाच्या खिशातून जात नाही, तो डीलरच्या मार्जिनमधून किंवा कंपनीच्या स्कीममधून येतो. मुलाचा इन्सेंटिव्ह गाड्यांच्या आकड्यावर असतो, आणि त्याला जोडून विमा किती, अ‍ॅक्सेसरीज किती, फायनान्स किती, वॉरंटी किती याची टार्गेटं. म्हणून तो विम्याला चिकटून राहतो, डिस्काउंटला नाही. तुम्ही बाहेरून विमा घेतो म्हटलं की लगेच "सर मग डिस्काउंट बसणार नाही" किंवा "मग कॅशलेस (दुरुस्तीचं बिल थेट विमा कंपनीने भरणं) होणार नाही". यातलं दुसरं तर सरळ चुकीचं आहे. विमा कंपनीचा त्या वर्कशॉपशी करार असेल तर कॅशलेस होतं, पॉलिसी कुणी विकली याचा काही संबंध नाही. विमा कुठून घ्यायचा हे ठरवणारा गिऱ्हाईकच, डीलर सक्ती करू शकत नाही.

घाटावरचा यांच्या लिहिण्यात एक भर घालतो. विम्यातही सगळं घासता येत नाही. 2018 च्या सप्टेंबरपासून नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरून देणारा विमा) एकदम घ्यावा लागतो आणि त्याचा दर ठरलेला आहे, 1000 ते 1500 सीसीला 2022 च्या दराने 10,640 अधिक जीएसटी, कुणाकडूनही घ्या तेवढाच. फरक सगळा ओन डॅमेज (आपल्याच गाडीचं नुकसान) आणि अ‍ॅड-ऑनमध्ये (वरून घेतलेले जादा कव्हर). म्हणून बाहेरचं कोटेशन दाखवून "हाच कव्हर या आकड्यात द्या" म्हणा. बरेचदा देतात, अर्धातास मॅनेजरच्या केबिनमध्ये जातो पण देतात.

आणि कृपा करून भाव त्या मुलाशी करू नका, त्याच्या हातात खरंच काही नसतं. नम्रपणे सांगा की मला टीम लीडर किंवा मॅनेजरशी बोलायचंय. त्याला शिव्याही बसत नाहीत आणि तुमचाही वेळ वाचतो.

वैदर्भीय:
वेळेचा मुद्दा निघालाच आहे तर सांगतो, भाव कसा करता यापेक्षा कधी करता हे जास्त महत्त्वाचं आहे. आपल्याकडे दसऱ्याला नाही तर पाडव्याला गाडी दारात पाहिजे म्हणजे पाहिजे, हार-नारळ-पेढे सगळं ठरलेलं असतं. तुम्ही "दसऱ्याला डिलिव्हरी पाहिजे" म्हणून खुर्चीत बसलात की तुमची निम्मी ताकद तिथेच संपली, कारण त्या दिवशी गाडी मिळणं हीच तुमची गरज आहे हे समोरच्याला कळलं. मी गाडी पितृपंधरवड्यात बुक केली. शोरूममध्ये मी आणि अजून एक कुटुंब. सगळे लोक नवरात्राची वाट बघत असतात. घरच्यांनी कुरकुर केली, पण बुकिंग पंधरवड्यात आणि गाडी घरी नवरात्रात असं केलं की ज्येष्ठही खूश आणि भावही मिळतो.

2025 ला मात्र हे चाललं नसतं, कारण 22 सप्टेंबरला, म्हणजे घटस्थापनेलाच जीएसटी कमी होणार हे आधीच जाहीर झालं होतं, लहान गाड्यांचा सेस (जीएसटीवरचा जादा कर) जाऊन 28 टक्क्यांचा 18 झाला. त्या आधीच्या दिवसांत कोण घेणार होतं गाडी.

अजून एक, जुनी गाडी एक्सचेंजला देताना जपून. मला म्हणाले गाडीचे 1,60,000 आणि वर 30,000 एक्सचेंज बोनस. बोनस ऐकून बायको खूश. बाहेर दाखवली तर 2,05,000 रोख. म्हणजे बोनस धरूनही पंधरा हजार कमीच. आधी बाहेर विचारून मगच शोरूममध्ये जुन्या गाडीचा विषय काढायचा.

सोलापूरकर:
तुम्हा सगळ्यांचं वाचतोय आणि कुणीच मूळ मुद्द्यावर बोलत नाहीये. घासाघीस चांगली की वाईट हा प्रश्नच नाही, घासाघीस करावी लागते हेच चूक आहे. माझे मामा सांगोल्याकडचे, डाळिंबाची बाग, आयुष्यात पहिल्यांदा नवीन गाडी घेतली. शोरूमच्या एसीत बसवलं, चहा दिला, "काका" म्हटलं, मामांनी कोटेशन उलटंसुलटं केलंच नाही, हँडलिंग भरलं, किट भरलं, पेंटचं कोटिंग भरलं, अंडरबॉडी कोटिंग भरलं, विमा तिथलाच. त्याच आठवड्यात त्याच शोरूममधून त्यांच्या इंजिनिअर पुतण्याने तीच गाडी, तोच व्हेरियंट, जवळजवळ साठ हजारांनी कमी किमतीत घेतली. ज्याला इंटरनेट कळतं, ज्याला मॅनेजरशी इंग्रजी मिसळून बोलता येतं त्याला डिस्काउंट, आणि जो विश्वासाने आला त्याच्याकडून त्या डिस्काउंटचे पैसे वसूल. हे मला मान्य नाही. तुम्ही ज्याला हुशारी म्हणताय त्याचं बिल दुसरा कुणीतरी भरतो.

एक भाव ठेवणं अशक्य आहे असंही नाही. चाकणला कारखाना असलेल्या मर्सिडीजने 2021 पासून भारतात गाडी थेट कंपनीच्या बिलावर द्यायला सुरुवात केली, देशभर एक किंमत, स्टॉक कंपनीचा, डीलर फक्त दाखवणार आणि डिलिव्हरी देणार. कोट्यधीशांना एक भाव मिळू शकतो तर शेतकऱ्याला का नाही?

घाटावरचा:
सोलापूरकर, मामांचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण एक भाव हा उपाय मला उलट धोकादायक वाटतो, कारण तो एक भाव ठरवणार कोण? कंपनीच ना? आपल्याच राज्यातलं प्रकरण आठवा. मुंबई सोडून उरलेल्या महाराष्ट्रातल्या मारुतीच्या डीलरांना ठरलेल्या ऑफरपेक्षा जास्त सूट देऊ दिली जात नाही अशी एक निनावी ईमेल स्पर्धा आयोगाकडे गेली, पाठवणाऱ्याने स्वतःला डीलर म्हणवलं होतं. चौकशीत निघालं की कंपनीने गिऱ्हाईक बनून जाणारी माणसं नेमली होती, ती शोरूममध्ये जाऊन सूट मागायची, आणि जास्त सूट दिलेली सापडली की डीलरला दंड, सेल्सवाल्यालाही दंड. ऑगस्ट 2021 मध्ये आयोगाने कंपनीला 200 कोटींचा दंड ठोठावला, कंपनी त्यावर अपिलात गेली. म्हणजे दुकानदार सूट द्यायला तयार आणि कंपनी म्हणते देऊ नको! आता सांगा, भाव करायचा गिऱ्हाइकाचा हक्क जपायचा का सोडून द्यायचा? दोन डीलर एकमेकांशी भिडतात तेव्हाच आपल्याला काही मिळतं. मी शेजारच्या जिल्ह्यातल्या डीलरचं कोटेशन आणलं तेव्हा इथल्याने किट यादीतून काढलं, तोवर ते "कंपल्सरी" होतं.

मीनल_ठाणे:
मुलाच्या इन्सेंटिव्हचं माजी_शोरूम यांनी सांगितलं ते नवीन कळलं, पण त्याने माझा मुद्दा उलट पक्का होतो. बाहेरून विमा घेतला, किट नाकारलं, लोन आपल्या बँकेचं घेतलं तर त्या मुलाची सगळी टार्गेटं गेली की! ते पैसे त्याच्या घरात जाणार होते. तुम्ही वाचवलेले चौदा हजार तुमच्या वर्षाच्या खर्चात कुठे दिसणारही नाहीत.

माजी_शोरूम:
ताई, ते चौदा हजार मुलाला मिळत नाहीत, त्याला त्यातले काहीशे मिळतात, बाकी वरच राहतात. मुलांचे पगार वाढवायला पाहिजेत हे मी ओरडून सांगेन, पण ते गिऱ्हाइकाला न सांगता विम्यातून कापून नव्हे.

डीलरचीही बाजू आहे बरं का. नव्या गाडीवर मार्जिन तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास, त्यात जागेचं भाडं, माणसं, आणि यार्डातल्या गाड्यांवर बँकेचं व्याज. 2024 च्या सप्टेंबरअखेर डीलरांच्या फाडा या संघटनेनेच सांगितलं होतं की 80 ते 85 दिवसांचा माल पडून आहे, साधारण 79,000 कोटींचा. त्यांच्या मते 21 दिवसांचा असायला हवा. अशा वेळी तुम्ही पडून असलेल्या रंगाची, पडून असलेल्या व्हेरियंटची गाडी मागितलीत तर डीलर स्वतःहून खाली येतो. आणि ज्या गाडीला वेटिंग आहे तिथे कितीही डोकं आपटा, काही मिळणार नाही. स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग 2022 मध्ये उघडलं तेव्हा अर्ध्या तासात एक लाख बुकिंग झाली, तिथे कोण सूट देणार! मागणी बघून बोला.

पडून असलेली गाडी घेताना फॉर्म 22 (कंपनीने गाडीसोबत दिलेलं प्रमाणपत्र) बघायचा, त्यावर बनवल्याचा महिना आणि वर्ष असतं. डिसेंबरात मोठी सूट मिळते ती त्या वर्षातच बनलेल्या गाडीवर.

वैदर्भीय:
डिसेंबरच्या डिस्काउंटला मात्र माझा विरोध आहे. जानेवारीत गाडी कागदावर एक वर्षाने जुनी होते. तीन-चार वर्षांत विकणार असाल तर डिस्काउंटचे बरेचसे पैसे रीसेलला परत जातात. आठ-दहा वर्षं वापरणार असाल तर जरूर घ्या. आणि दहा लाखांच्या वरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस (विकणाऱ्याने आपल्याकडून गोळा केलेला आयकर) लावतात तो खर्च समजून त्यावर भांडू नका, आयकर रिटर्न भरताना त्याचं क्रेडिट मिळतं. लोनचं मात्र विचारा, सात लाख पाच वर्षांसाठी घेतले आणि अर्धा टक्का जास्त लागला तर दहा हजारांच्या आसपास जादा जातात, आणि शोरूमवाला हप्ता सांगतो, दर सांगत नाही.

सोलापूरकर:
बघा, आता ही सगळी माहिती जमली, फॉर्म 22, सीसीप्रमाणे थर्ड पार्टीचा दर, वेटिंग, रीसेल, टीसीएस. हे सगळं पाठ करून शोरूममध्ये जायचं का माणसाने? मामांना डाळिंबावरचा तेल्या रोग कळतो, तो तुमच्यापैकी किती जणांना कळतो? माझी मागणी साधी आहे. कोटेशनवर एक्स-शोरूम, सरकारी टॅक्स-फी आणि विमा एवढंच छापायचं. बाकी किट, कोटिंग, वॉरंटी वेगळ्या कागदावर, "ऐच्छिक" असं मराठीत लिहून, आणि त्यावर गिऱ्हाइकाची वेगळी सही. हँडलिंग नावाची ओळ बंद. मग खुशाल करा घासाघीस.

घाटावरचा:
वेगळा कागद आणि मराठीत ऐच्छिक, याला माझा शंभर टक्के पाठिंबा. पण सूट डीलरागणिक वेगळी असू द्या, तिथे मी हटणार नाही.

माजी_शोरूम:
सोलापूरकर, तसं केलंत तर डीलर मार्जिन वाढवून मागेल आणि एक्स-शोरूमच वाढेल. आज जे दोन-तीन ओळींत लपलंय ते मग सगळ्यांनाच भरावं लागेल, तुमच्या मामांनाही आणि पुतण्यालाही.

सोलापूरकर:
वाढू दे. निदान दोघांना सारखंच भरावं लागेल.