लांबशिंगी भुंगेऱ्यांचा प्रदेशवार नकाशा: दिव्याखेरीज काय लावावं?

काष्ठकीट: लांबशिंगी भुंगेऱ्यांच्या सेरॅम्बिसिडी कुळासाठी १० × १० किमी चौकटींचा नकाशा करतोय. नोंदी फक्त दिव्याच्या सापळ्याच्या आहेत आणि लेप्टुरिनी उपकुळ जवळपास शून्य. ते तिथे नाहीच, असं धरायचं का? पॅनेल सापळाही (उभे पत्रे, खाली नरसाळं आणि कप) लावलाय, पण भुंगेरे कपात न पडता चढून निघून जातात.

हातजाळी: अजिबात धरू नका. लेप्टुरिनी बहुतांशी दिवसा फुलांवर असतात, दिव्याकडे क्वचितच येतात. ऊन चढल्यावर छत्रीसारखे फुलोरे तपासा. लॅमिनी उपकुळातल्या लहान जातींसाठी वाळक्या फांदीखाली पांढरं कापड धरून फांदी काठीने झोडपा, तेही सकाळी लवकर. गारठलेले भुंगेरे सरळ खाली पडतात. उन्हात पडता पडताच उडून जातात.

नरसाळं: सापळा गुळगुळीत करा. पॅनेलला आणि नरसाळ्याच्या आतून फ्लुऑनचा (निसरडा थर देणाऱ्या द्रवाचा) हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग पाय ठरत नाहीत. कपात निम्मं पाणी, निम्मं प्रॉपिलीन ग्लायकॉल. कोरड्या कपात भुंगेरे एकमेकांचे पाय आणि मिशा तोडतात, मग ओळख पटवत बसा! पावसासाठी काठाजवळ बारीक जाळी लावलेलं भोक हवंच.

आमिष: सापळ्यात भुंगेऱ्यांना ओढणारी गंधरसायनं लावा. ३-हायड्रॉक्सीहेक्झॅन-२-ओनला सेरॅम्बिसिनी उपकुळातल्या बऱ्याच जाती येतात, फस्क्युमॉलला लॅमिनीतल्या काही, मोनोकॅमॉलला मोनोकॅमस वंशातले भुंगेरे. सगळं एकाच सापळ्यात कोंबू नका. अल्फा-पायनीन (पाइनच्या राळेतलं गंधद्रव्य) पाइनवरच्या जातींना ओढतं, पण रुंदपानी झाडांवरच्या काही जाती त्यानेच दूर राहतात. एक सापळा शेंड्याजवळ, एक माणसाच्या उंचीवर. दोन्हींतल्या जाती वेगळ्या निघतात.

रिकामी चौकट: नकाशाबद्दल. प्रत्येक फेरीची तारीख, पद्धत, सापळा-रात्री (सापळे × रात्री) लिहा, काही मिळालं नाही तरी. एकाच हंगामात एकाच जागी अनेक फेऱ्या झाल्या, तरच ‘नाही’ आणि ‘दिसला नाही’ यांत फरक करता येतो. घरातल्या लाकडातून, बांबूतून निघालेले नमुने वेगळे ठेवा. क्लोरोफोरस ॲन्युलॅरिस हा बांबू पोखरणारा लांबशिंगी भुंगेरा बांबूच्या मालाबरोबर दूरदूर जातो; अशी नोंद त्या चौकटीची नव्हे. लाकूड डब्यात ठेवून भुंगेरे काढणार असाल, तर दोन वर्षं तरी फेकू नका, काहींची अळी तितकी रेंगाळते.

काष्ठकीट: कप किती दिवसांनी रिकामा करायचा?

नरसाळं: एक ते दोन आठवड्यांनी. उकाड्यात आठवड्याच्या वर नको.