सोफा क्लीनिंगच्या जाहिरातीला मेसेज भरपूर, बुकिंग नाही (नाशिक)

पाथर्डीफाटा_क्लीनिंग
नमस्कार मंडळी. मी आणि बायको मिळून नाशिकमध्ये सोफा, गाद्या आणि पाण्याच्या टाक्या साफ करून देतो. मशीन स्वतःचं, मदतीला एक पोरगा. जुनं गिऱ्हाईक परत बोलावतं, पण नवीन मिळावं म्हणून फेसबुक-इन्स्टावर रोज ३०० रुपये लावतोय. दिवसाला आठ-दहा मेसेज येतात. सगळ्यांचं एकच वाक्य: "हॅलो, कॅन आय गेट मोअर इन्फो ऑन धिस?" दर सांगितला की दोन निळ्या टिका, विषय संपला. त्यातले बरेच सिन्नर, निफाडचे. जाहिरात म्हणजे पोस्टर आहे, आमचा लोगो, चकाचक हॉलचा फोटो आणि खाली फोन नंबर. एक जण म्हणतो, महिन्याला आठ हजार द्या, सगळं मी बघतो. द्यावेत का?

गंगापूररोडकर
फेसबुक सोडा, गूगल मॅपवर नोंदणी करा. ज्याला गरज आहे तो शोधत येतो. बाकी सगळा टाइमपास.

जाहिरातवाली_कोल्हापूर
दादा, मी एक पेस्ट कंट्रोलवाले, दोन क्लासेस आणि एका ब्यूटिशियन ताईंच्या जाहिराती बघते. आधी सांगा, गेल्या महिन्यात जाहिरातीतून कामं किती झाली? मेसेजचा आकडा तुम्हाला तोंडपाठ आहे, कामांचा तुम्ही लिहिलेलाच नाही. ३०० च्या हिशेबाने महिन्याचे ९,०००, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,६२० रुपये. त्याला झालेल्या कामांनी भागा. जो आकडा येईल तो खरा, बाकीचे विसरा.

तुम्ही मेटाकडे, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या कंपनीकडे, मेसेज मागितलेत, तो मेसेज करणारी माणसं आणून देतो. त्यांना सोफा धुवायचाय की नाही, हे त्याला कुणी सांगितलंय? आणि ते इंग्रजी वाक्य लोकांनी टाइपही केलेलं नसतं. बटण दाबलं की तयार येतं. एवढं सताड उघडं दार असेल तर कुणीही डोकावणार.

म्हणून दार थोडं अरुंद करा. दर जाहिरातीतच लिहा, "पाच सीटचा सोफा अमुक रुपयांपासून". आमचे पेस्ट कंट्रोलवाले याला तयारच नव्हते, म्हणे दर बघून लोक पळतील. पळू देत की! ते नंतरही पळणारच होते, तुमचा वेळ खाऊन. तयार वाक्याच्या जागी स्वतःचे प्रश्न घाला: "सोफा किती सीटचा?", "टाकी किती लिटरची?", "एरिया कोणता?" मेसेज कमी होतील, घाबरू नका.

सिन्नरचं कोडं सोपं आहे. पोस्टखालचं बूस्टचं बटण सोडून मेटाच्या जाहिराती लावायच्या पानावर, म्हणजे अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये जा. शहराचं नाव टाकून भोवती मोठं वर्तुळ ठेवलं की ओझर, त्र्यंबक, सिन्नर सगळं त्यात येतं. नकाशावर पिन टाकून छोटं वर्तुळ करा, फक्त इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गोविंदनगर. शिवाय मेटा त्या भागात राहणारे आणि नुकतेच येऊन गेलेले, दोघांनाही धरतो. तुमच्याकडे पंचवटीत वर्षभर बाहेरगावचे भाविक, २०२७ च्या सिंहस्थात तर विचारूच नका. रामकुंडावर स्नान करून जळगावला परतलेल्या माणसाला तुमची जाहिरात दाखवून काय उपयोग? म्हणून एरिया पहिल्याच ओळीत हवा.

पोस्टर काढून टाका. चकाचक हॉल सगळ्यांकडे असतो. मोबाइलवर व्हिडिओ काढा: मळक्या सीटवरून नोझल फिरतोय आणि मशीनमधून काळं पाणी निघतंय. वर वहिनींच्या आवाजात दोन वाक्यं, स्टुडिओ-बिडिओ काही नको. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी यायला लागलं की टाकीचा व्हिडिओ, दसऱ्याच्या आधी सोफ्याचा.

गंगापूररोडकर, गूगलवर नोंदणी हवीच, फुकट आहे. पण नळ गळला की माणूस शोधतो, सोफा मळला म्हणून सहसा कुणी शोधत बसत नाही. तो काळ्या पाण्याचा व्हिडिओ बघून स्वतःच्या सोफ्याकडे बघतो.

पाथर्डीफाटा_क्लीनिंग
ताई, पटलं. पण कामावर असताना आमचे हात ओले, मोबाइल बॅगेत. उत्तर संध्याकाळीच जातं.

फिजिओ_सांगली
मध्येच बोलतो. माझं क्लिनिक आहे. "तुम्हाला गुडघेदुखी आहे का?" अशी जाहिरात नाकारली जाते, कारण वाचणाऱ्याच्या आजाराकडे थेट बोट दाखवणं नियमात बसत नाही. "गुडघेदुखीसाठी व्यायामोपचार" चालतं. दादांना ही अडचण नाही, ते सोफ्याला हवं ते म्हणू शकतात.

अजून एक. मेटाची अ‍ॅड लायब्ररी, म्हणजे चालू जाहिरातींची यादी, सगळ्यांना खुली आहे. भारत निवडा, "सोफा क्लीनिंग" टाका. कोणाची जाहिरात कधी सुरू झाली ते दिसतं. जी कित्येक महिने चालू आहे, तिच्यावर कुणी उगाच पैसे घालत नसणार. पुण्या-मुंबईच्या जाहिराती तासभर चाळा.

जाहिरातवाली_कोल्हापूर
दादा, संध्याकाळी उत्तर म्हणजे तोवर त्याने दुसऱ्याला विचारलेलं असतं. बजेट रोजचं न ठेवता जाहिरातीच्या पूर्ण मुदतीचं ठेवलं तर ती दिसायचे तास निवडता येतात. जेवणानंतरची दुपार आणि संध्याकाळ, जेव्हा तुम्ही मोकळे असता, तेवढंच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये दराचे मेसेज क्विक रिप्लायमध्ये, म्हणजे तयार उत्तरांत, साठवा, तिरकी रेघ टाकली की यादी येते. आणि दर सांगून गप्प बसू नका. लगेच विचारा, "गुरुवारी पाथर्डीतच एक काम आहे, तिथून अकराला तुमच्याकडे येऊ का?" माणसाला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. तुमचं पेट्रोलही वाचतं.

बदल केलात की आठवडाभर हात लावू नका. जाहिरात कुणाला दाखवायची हे मेटाच्या सिस्टीमला शिकायला आठवड्यात साधारण ५० मेसेज लागतात, मध्येच मोठा बदल केला की पुन्हा पहिल्यापासून.

आठ हजारांचं म्हणाल तर आत्ता नको. तुमच्या जाहिरातीच्या खर्चाच्या जवळपास त्याची फी होतेय. पुढे कुणाला दिलंत तरी अ‍ॅड अकाउंट आणि पेज तुमच्या नावावर, त्याला फक्त अ‍ॅक्सेस. माझ्या ब्यूटिशियन ताईंचं अकाउंट आधीच्या माणसाच्या नावावर होतं. तो गेला आणि सगळा जुना डेटा त्याच्याबरोबर गेला.

पाथर्डीफाटा_क्लीनिंग
अकाउंट माझ्याच नावावर आहे, आत्ताच बघितलं. उद्या गोविंदनगरला पाच सीटचा सोफा आहे, दोन पोरं आणि एक कुत्रं असलेलं घर. व्हिडिओला याहून बरा सोफा मिळायचा नाही.