३१ डिसेंबरची केस आणि कॅनडाचा व्हिसा: ‘हो’ लिहावं का?

रोहिणी_सातारा: लेक ब्रॅम्प्टनला असते, ऑगस्टमध्ये तिचं बाळंतपण. आम्ही दोघं व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरतोय आणि एका प्रश्नावर अडलोय: कुठल्याही देशात कधी गुन्हा, अटक, शिक्षा झाली आहे का? २०२२च्या ३१ डिसेंबरला रात्री ह्यांना नाकाबंदीत पकडलं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणं. कोर्टात गुन्हा कबूल केला, १०,००० रुपये दंड भरला. एजंट म्हणतो, ‘नाही’वर टिक करा, एवढ्यातेवढ्याला कोण विचारतंय. मला पटत नाही. खोटं लिहून नातवंडाचं तोंड बघायला जायचं नाही.

मुकुंद_के: ताई, एजंटचं ऐका. चोरी नाही, कुणाला उडवलं नाही. आमच्या सोसायटीतले तिघं असेच जाऊन आले. ‘हो’ लिहिलंत की फाइल अडकणार, तोवर बाळ रांगायला लागेल. बाळंतिणीला आई हवी असते.

निनाद७१: मुकुंद, तिघांचं निभावलं म्हणून चौथ्याचं निभावेल? कोर्टांच्या ‘ई-कोर्ट्स’ वेबसाइटवर नाव टाकलं तरी केस सापडते. लपवलेलं उघडं पडलं तर कॅनडा ५ वर्षं येऊ देत नाही. दंडाची चूक एका रात्रीची होती, ही समजून उमजून केलेली ठरेल.

वर्षा_डोंबिवली: खरं लिहावं, मान्य. पण नियमच अन्यायाचा आहे. डिसेंबर २०१८पासून तिथे या गुन्ह्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे, म्हणून तो ‘गंभीर’ आणि प्रवेशाला आडकाठी. आपल्याकडे पहिल्या खेपेला जास्तीत जास्त ६ महिने. इथे दंड भरून सुटलेल्या माणसाला त्यांच्या तराजूत का तोलायचं?

निनाद७१: कारण रस्ते त्यांचे आहेत. माझा मावसभाऊ प्यायलेल्या माणसाच्या गाडीखाली गेला. त्या माणसालाही घरी जायची घाईच होती. कॅनडा कडक आहे ते मला बरंच वाटतं.

वर्षा_डोंबिवली: वाईट वाटलं वाचून. तरी कुणालाही न दुखावलेल्या माणसाला तोच शिक्का, हे मला पटत नाही.

अ‍ॅड_पाटणकर: रोहिणीताई, मशीनवर आकडा किती आला होता? आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की गुन्हा, कॅनडात ८०पासून. इथला गुन्हा त्यांच्या कायद्यात कुठे बसतो, हे ते बघतात. आकडा ८०च्या खाली असेल तर बाजू मांडायला जागा आहे. हमी नाही, कारण नशेच्या अमलाखाली गाडी चालवणं हा तिथे आकड्याशिवायही गुन्हा आहे. नाहीतर तात्पुरत्या प्रवेशाचा परवाना मागता येतो. दंड भरून ५ वर्षं झाली की ‘रिहॅबिलिटेशन’चा, म्हणजे जुन्या गुन्ह्याची आडकाठी कायमची काढण्याचा अर्ज करता येतो. पण हे सगळं ‘हो’ लिहिलं तरच.

रोहिणी_सातारा: फाइलमधून मशीनची पावती काढली. कागद पांढराफटक पडलाय, कोपऱ्यात रात्री १.१० एवढंच दिसतं. ह्यांना ५४ आठवतंय, पण नुसत्या आठवणीवर कोण विश्वास ठेवणार? सोमवारी कोर्टात नकलेचा अर्ज टाकतोय. मुकुंददादा, तुम्ही आपुलकीनंच सांगितलंत, पण ‘हो’च लिहिणार. माझा अर्ज वेगळा करतेय, म्हणजे ह्यांचा लांबला तरी लेकीजवळ मी असेन.